आधी उतरायची वेळ ठरव

अगं, तुझा बेत वाचला. डिसेंबरातल्या शनिवारी खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर, पुढे नागफणीचा कडा, आणि त्याच दिवशी खाली. मला मनापासून आवडलं. आपल्या कर्जत तालुक्यातून एका दिवसात करण्यासारखी याहून मोठी चढाई मला तरी सुचत नाही. पण तुझ्या बेतात निघायची वेळ आहे, नाश्ता आहे, कोणत्या कड्यावर फोटो काढायचे तेही आहे. अंधार किती वाजता पडतो, ते मात्र कुठेच नाही. म्हणून निवांत बसून लिहितेय. मैत्रिणींना दाखव हवं तर, पण आधी तू एकटी वाच.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. झाडीत मात्र साडेपाचलाच पायाखालचा दगड नीट दिसेनासा होतो. म्हणजे पाच वाजता तुम्ही जंगलाबाहेर, खांडसच्या बाजूच्या रस्त्यावर असायला हव्यात. हे एकदा ठरलं की बाकीचा दिवस तिथून उलटा मोजत ये. गणेश घाटाने उतरायला साडेतीन-चार तास लागतात, म्हणजे वरून एक वाजता निघायचं. नागफणीला जाऊन यायला दीड-दोन तास, म्हणजे अकराच्या आत भीमाशंकरच्या पठारावर पोचायचं. शिडी घाटाने वर यायला चांगल्या चालीने चार तास लागतात, म्हणजे साडेसहाला चालायला सुरुवात. खांडसला सहाला पोचायचं तर माझ्या गावाहून, कळंबहून, पाचला गाडी सुटली पाहिजे. तू लिहिलं आहेस की सकाळच्या लोकलने नेरळला उतरून नऊपर्यंत पायथ्याला येतो. बाय, नऊला पायथ्याशी आलात तर नागफणी त्या दिवसापुरती विसरा. शुक्रवारी रात्रीच माझ्याकडे या. चौघीजणी आरामात झोपाल, आणि गाडी मी गावातली सांगून ठेवीन. त्या वेळेला एसटीच्या भरवशावर राहता येत नाही.

पहाटे निघण्यामागे आणखी एक कारण आहे. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेला तोंड करून उभी आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागून येतो, त्यामुळे नऊ-साडेनऊपर्यंत घाट सावलीत असतो आणि चढ गारव्यात उरकतो. दुपारनंतर तीच भिंत सरळ उन्हात येते. थंडीच्या दिवसांतही तीन वाजता उघड्या कातळावरून चालताना घशाला कोरड पडते. तिकडे आल्प्समध्ये बर्फाच्या शिखरावर जाणारे लोक मध्यरात्र उलटल्यावर दोन-तीनलाच निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ होतं आणि दुपारी वादळं येतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण ऊन आहे, आणि ऑक्टोबर किंवा एप्रिल-मेमध्ये आलात तर दुपारची वीज आणि वळवाचा पाऊसही आहे. डिसेंबर निवडलास ते म्हणूनच चांगलं केलंस.

चढाईला वेळ किती लागेल याचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला: सपाटीला ताशी पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जास्तीचा. खांडसपासून भीमाशंकरचं पठार साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर वर आहे. म्हणजे नुसत्या उंचीचाच दीड तास, आणि चाल वेगळी. हा हिशेब थंड हवेतल्या सरावाच्या माणसाचा आहे, तोही न थांबता चालणाऱ्याचा. आपल्या हवेत, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन आणि मध्ये शिड्या असताना त्यात निम्म्याने भर घाल. तुझ्या डोंबिवलीच्या इमारतीत हेच मोजायचं तर नऊशे मीटर म्हणजे जवळजवळ तीनशे मजले. घाबरवायला सांगत नाही. पण आजपासून दिवसाआड जिने चढायला लाग आणि लिफ्ट बंद कर. चढण्याइतकंच उतरणंही कर, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतारानेच.

आणि एकदा सरावाला पेठच्या किल्ल्यावर ये, कोथळीगडावर. आंबिवलीपासून चढ, मग पेठ गाव, गावाच्या डोक्यावर तो सुळका. कोरीव खांबांची गुहा बघ आणि सुळक्याच्या पोटातून खोदून काढलेल्या पायऱ्यांनी माथ्यावर जा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तिथे तुझे बूट कुठे चावतात, बॅगेचा कोणता पट्टा खांद्यात रुततो, चौघींतली कोण मागे पडते आणि मागे पडली की ती बोलते की गप्प राहते, हे सगळं कळेल. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. गप्प राहणाऱ्या मुलीकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

आता वाटेबद्दल. खांडस गावापुढे पुलाजवळ वाटा फुटतात, उजवीकडची गणेश घाटाला जाते आणि डावीकडची शिडी घाटाला. तिथे कोणाला तरी विचारूनच पुढे जा. शिडीने चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, हा क्रम उलटा करू नकोस. चढताना हात आणि डोळे दोन्ही समोरच्या कातळावर असतात. उतरताना पाय आंधळेपणाने खाली टाकावा लागतो, तोही दिवसभराच्या थकव्यानंतर. गणेश घाट लांब आहे, वळणावळणाचा आहे, कंटाळवाणासुद्धा वाटेल, पण दमलेल्या पायांना तोच बरा.

शिडीपाशी आलीस की घाई सोड. लोखंडी शिड्या आहेत, कातळाला लावलेल्या. दांडे पायाला गुळगुळीत लागतात, कुठे वाकलेले असतात, आणि दोन दांड्यांच्या मधल्या फटीतून थेट खालचं रान दिसतं. पहिल्यांदा तिथे पोटात गोळा येतोच. येऊ दे. आधी बॅगेचे पट्टे आवळून घे, बाहेर लोंबणारी बाटली आत टाक. ओढणी असेल तर काढून बॅगेत ठेव, गळ्यात किंवा कमरेला गुंडाळलेली चालणार नाही. गळ्यातल्या लांब माळा आणि हातातल्या बांगड्या घरीच राहू देत. पहिल्या दांड्यावर पूर्ण भार टाकायच्या आधी हाताने हलवून बघ. चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत, एकच हलवायचा. दांडा पायाच्या मधल्या भागाखाली घे, बोटांवर उभी राहू नकोस, पोटऱ्या थरथरायला लागतात. एका वेळी शिडीवर एकच जण. खाली थांबणारीने शिडीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, कारण वरून बारीक दगड येतात.

खरी परीक्षा शिडी संपल्यावर आहे. तिथून कातळाच्या कडेने आडवं सरकायचा अरुंद टप्पा येतो. शिडी चढून आल्याच्या आनंदात मुली तिथेच मागे वळून फोटोसाठी हात सोडतात. तिथे फोन बाहेर काढायचा नाही, हे चौघींनी घरून निघतानाच कबूल करा. कातळाकडे तोंड करून, पुढचा हात पक्का झाल्यावर मागचा सोडत जायचं. एखादीला भीती बसली तर तिला ओढू नका, चिडवू नका. दोघींच्या मध्ये घ्या आणि पुढचीने पाय कुठे टाकायचा ते बोलून सांगत राहायचं. आणि पायथ्याशीच, शिडी बघून एखादी म्हणाली की मला नाही जमणार, तर सगळ्यांनी मिळून गणेश घाटाने जायचं. तिला एकटीला खाली थांबवून नाही. तासभर उशीर होईल, नागफणी जाईल, पण सोबत तुटणार नाही.

पावसाळ्यात शिडी घाटाचं नावसुद्धा काढायचं नाही. कातळावर शेवाळ धरतं, शिडीवरून पाण्याची धार येते. जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत-खालापूरकडच्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बंदीचे आदेश काढतं, त्याचा मुंबईच्या पोरांना राग येतो. मला नाही येत. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी, माणसं झोपेत होती. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं पावसात, चिखलातून पायी चढून गेली आणि माती हातांनी उपसावी लागली. मी तुला हे सांगतेय कारण घाटातलं एक वास्तव त्यात आहे. इथे मदत पायी चढून येते. पाय मुरगळला तरी स्ट्रेचर उचलून आणणारी माणसं गावातूनच जमवावी लागतात आणि त्यात तास जातात. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या बचावपथकांतली माणसं जिवावर उदार होऊन येतात, पण खोपोलीहून निघून शिडीखाली पोचेपर्यंत जो वेळ जाईल तो तुम्हालाच काढायचा आहे. त्यासाठी एक चादर किंवा शाल, जाड पट्टी, वेदनाशामक गोळी, शिट्टी आणि डोक्याला लावायची बॅटरी बॅगेत असलीच पाहिजे. मोबाइलची बॅटरी धरून चालणार नाही, ती हातात धरावी लागते आणि हात मोकळे हवेत.

वाटाड्या घे. याबाबत मी ऐकून घेणार नाही. फोनमध्ये नकाशा उतरवून घेतलात तरी घे. ढोरवाटा इतक्या फुटतात की नकाशावर रेघ एक असते आणि पायाखाली चार. खांडसला किंवा मधल्या पठारावरच्या पदरवाडीतल्या कोणाला आधी सांगून ठेवू, पैसे आधी ठरवू आणि उतरल्यावर ठरल्याप्रमाणे हातात ठेवू. घासाघीस करू नकोस. ज्या शिडीवर तुम्ही जीव मुठीत धरून चढणार आहात, त्या वाटेने पदरवाडीतल्या बायका डोक्यावर बोजा घेऊन, पायात साध्या चपला घालून जा-ये करतात. त्यांच्याकडे बघ कशा चालतात. पाऊल लहान, पूर्ण तळवा टेकलेला, आणि वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. तुम्ही पहिल्या तासात पळाल, दुसऱ्यात बसाल. त्या बसत नाहीत. त्यांच्यासारखं चालायला शीक. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढायचं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की पाऊल लहान करायचं, थांबायचं नाही.

पदरवाडीच्या पठारावर दोन्ही वाटा एकत्र येतात. तिथे चहा, लिंबू सरबत मिळून जातं, पण मिळेलच असं धरून पाणी कमी नेऊ नकोस. मनाची फसगत इथे होते. शिड्या झाल्या, सपाटी आली, समोर पदरगड उभा, वाटतं आलोच. अजून नाही आलात. इथून पुढे भीमाशंकरचा दुसरा चढ आहे, झाडीतला, खडा आणि वळणांचा. दमलेल्या मुली रडकुंडीला येतात त्या याच टप्प्यावर. म्हणून पठारावर बसून पोटभर खायचं, बूट काढून मोजे झटकायचे आणि घड्याळ बघायचं. नऊपर्यंत इथे असाल तर सगळं जमतंय. दहा वाजले असतील तर वर जा, पण नागफणी सोडा. अकरा वाजून गेले असतील तर इथूनच गणेश घाटाने खाली या. आणि पदरगडाकडे बघून कोणी म्हणालं की हाही करू, तर ऐकायचं नाही. त्याच्यावरचा कातळटप्पा दोर आणि जाणकार माणूस असल्याशिवाय करायचा नसतो, त्याला वेगळा दिवस ठेवू.

नऊ, दहा, अकराची ही तीन वाक्यं कागदावर लिहून चौघींनी सही करा, असं मी म्हणाले तर हसशील. पण वर गेल्यावर डोकं वेगळं चालतं. 10 मे 1996 ला एव्हरेस्टवर दुपारच्या दोनला परत फिरायचं असं मानलं जात होतं. दोन वाजून गेले तरी लोक चढत राहिले, त्यात जगातले नावाजलेले वाटाडे होते. संध्याकाळी वादळ आलं आणि त्या वादळात आठ जण गेले. एवढी तयारीची माणसं शिखर दिसल्यावर थांबली नाहीत, तर तुम्ही पहिल्यांदाच जाणाऱ्या मुली नागफणी हाकेच्या अंतरावर आल्यावर थांबाल, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? म्हणून निर्णय घरी घ्यायचा. वर फक्त घड्याळ बघायचं.

वर पोचल्यावर देवदर्शन की नागफणी, हेही आत्ताच ठरवा. शनिवारी मंदिरात रांग असते, ती किती सरकेल हे कोणाच्या हातात नसतं. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर उतरायची वेळ हमखास चुकते. माझं मत विचारशील तर या खेपेला नागफणी. बारा ज्योतिर्लिंगांतला देव आहे, तो कुठे जात नाही. आईबरोबर पुण्याकडून गाडीने येऊन सावकाश दर्शन घे, मंदिरासमोरची घंटा तेव्हाच बघ. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणून वाहिलेली आहे ती. आत्ता हनुमान तळ्याकडून झाडीतून नागफणीवर जा. तिथे उभी राहिलीस की सकाळी जिथून निघालीस ते खांडस पायाखाली दिसेल, पदरगड वरून दिसेल आणि पेठचा सुळकाही ओळखू येईल. कड्याच्या टोकाला जाऊ नकोस. दोन हात मागे बसून बघ, तेवढंच दिसतं. वाटेत आवाज करू नका, हे भीमाशंकर अभयारण्य आहे. 1985 मध्ये जाहीर झालं ते शेकरूसाठी. गप्प बसलात तर उंच झाडांच्या शेंड्यांमध्ये तांबूस शेपटी दिसेल. एकीच्या फोनवर गाणं लागलं की संपलं. आणि अत्तर, बॉडी स्प्रे काही लावून येऊ नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात, वासाने आणि धुराने उठतात.

एक सोय मात्र अशी आहे की जी ऐकून तुझ्या आईचाही जीव भांड्यात पडेल. वर पोचायला उशीर झाला, कोणाचा गुडघा धरला, किंवा नुसतंच वाटलं की आता उतरवत नाही, तर उतरायचंच नाही. भीमाशंकरहून पुण्याला एसटी जाते. चौघींनी बसायचं, पुण्याला आत्याकडे जायचं, सकाळी रेल्वेने डोंबिवली. त्यासाठी प्रत्येकीकडे रोख पाचशे-सातशे रुपये वेगळे ठेवा, फोनवरचे पैसे नकोत, तिथे रेंजचा भरवसा नाही. आत्याला आधी सांगून ठेव. आणि मला दोन वेळा कळव, एकदा वर पोचल्यावर रेंज मिळेल तिथून आणि एकदा खाली उतरल्यावर. सातपर्यंत दुसरा फोन आला नाही तर मी गावातल्या लोकांना घेऊन निघेन. हे आईलाही असंच सांग. 'जाऊन येते' एवढंच म्हटलंस तर ती नाही म्हणणार, आणि तिचं बरोबर असेल. कुठून, कोणाबरोबर, किती वाजता, उशीर झाला तर काय, हे लिहून तिच्या हातात दे. मग बघ.

आता जरा आपल्यातलं. पाण्याचं. माणशी तीन लिटर घ्यायचं आणि ते प्यायचं. मुली पाणी घेतात आणि पीत नाहीत, कारण लघवीला कुठे जायचं. सगळा दिवस ओठ कोरडे ठेवून चालतात, मग दुपारी डोकं दुखतं, पाय गोळे येऊन आखडतात आणि दोष डोंगराला. लाज बाजूला ठेव. चौघी आहात, दोघी वाटेवर पाठ करून उभ्या राहतील, एकजण आडोशाला जाईल. पाण्याच्या ओढ्यापासून आणि वाटेपासून लांब, दगड-पाचोळा काठीने हलवून मगच बस. आपल्याकडे फुरसं असतं, अंगाने लहान, मातीच्याच रंगाचं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चावलंच काही, तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. तो पाय हलू द्यायचा नाही, 108 ला फोन लावायचा आणि उचलून खाली आणून थेट सरकारी दवाखान्यात. वाटेत कोणी मांत्रिकाचं नाव काढलं तरी थांबायचं नाही.

पाळीची तारीख त्या शनिवारी येत असेल तर? पहिल्या दिवशी पोटात कळा येत असतील तर तारीख पुढे ढकलू, त्यात काय एवढं. पण तुला एरवीही त्रास होत नसेल तर खुशाल ये. वापरलेलं पॅड कागदात, कागद पिशवीत, पिशवी बॅगेत, आणि घरी येऊन कचऱ्यात. झुडपाखाली टाकायचं नाही. गोळी घेऊन पाळी पुढे ढकलायचा विचार करत असशील तर डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय नको, मैत्रिणीने दिलेली गोळी तर मुळीच नको.

कपडे साधे, पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे. जीन्स नको, घामाने जड होते आणि गुडघ्यात अडकते. बूट नवे असतील तर आत्तापासून पायात घालून बाजारात जा, भाजी आण. तळाला खोल खाचा हव्यात. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी काप, कारण उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि वाढलेलं नख काळंनिळं होतं. उतारासाठी एक काठी हवी. ती रानातून तोडू नका, माझ्याकडे आहेत.

खाण्याचं माझ्यावर सोपव. पहाटे चहा आणि गरम तांदळाची भाकरी देईन, पण बरोबर भाकरी देणार नाही, दुपारपर्यंत ती कडक होते आणि कोरड्या घशाखाली उतरत नाही. थालीपीठं देईन दही घालून मळलेली, मऊ राहतात. उकडलेली रताळी, काकडी, गूळ-शेंगदाणे. सुकटाची चटणी मागू नकोस, तुला आवडते ते मला माहीत आहे, पण ती तहान लावते. उतरून आल्यावर वाढीन. पाण्याच्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घालायचं, ती बाटली पदरवाडीच्या पुढे उघडायची. भूक लागण्याची वाट न बघता तासाला एकदा दोन घास तोंडात टाकत राहा.

तू लिहिलं आहेस की ऑफिसातले दोन मुलगेही म्हणतायत येतो. येऊ देत, माझी हरकत नाही. पण आंबिवलीला त्यांनाही ने. जो पुढे पळून जाऊन वरून हाका मारतो, जो 'एवढंच काय' म्हणतो, जो शिडीवर उभा राहून रील काढायचं म्हणतो, त्याला या खेपेला गोड शब्दांत नाही सांग. सगळ्यांत हळू चालणारी व्यक्ती पुढून दुसरी चालेल आणि सगळ्यांत सरावाची सर्वांत मागे, हे ज्याला मान्य आहे तो चांगला सोबती. आणि ठरवलेल्या वेळेला परत फिरायचं म्हटल्यावर तोंड पाडणार नाही, तोही.

उताराचं एक राहिलं. गणेश घाटात दुपारी ऊन समोरून डोळ्यांवर येतं, टोपीला पुढची झापड हवी. झाडी संपून उघडा टप्पा आला की गुडघे कुरकुरायला लागतात. तिथे पळत उतरू नका, कितीही मोह झाला तरी. सुटे खडे पायाखालून सरकतात आणि पडणारी व्यक्ती मागे हात टेकते, मनगट मोडतं ते असं. गणपतीच्या देवळापाशी आलात की पुढे फारसं काही उरत नाही. तिथे दहा मिनिटं बसा, उरलेलं पाणी संपवा. गाडीवाल्याला मी पाचची वेळ सांगून ठेवते, तो थांबेल.

तर आता तू तीन कामं कर. मैत्रिणींना वेळांचा हिशेब पाठव आणि कोण हो म्हणतं ते बघ. आईला कागद दे. पेठला कोणत्या रविवारी येतेस ते मला दोन दिवसांत कळव, म्हणजे आंबिवलीला मी येईन तुमच्याबरोबर. आणि त्या शुक्रवारी नेरळला रात्री नऊच्या आत उतर, कळंबच्या रिक्षा नंतर कमी होतात. आलीस की आधी जेवायचं, मग चौघींच्या बॅगा ओटीवर उघडायच्या. बॅटरी लागते का, शिट्टी आहे का, पैसे वेगळे ठेवलेत का, मी एकेक करून बघणार आहे.